पर्यावरणपूरक चष्म्यासाठी सर्वांना एका टेबलाशी बोलवा : नाविन्यता मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पर्यावरणपूरक चष्म्यांच्या उद्योगकल्पना विकसित करण्यासाठी आरेखक, संशोधक, कारागीर व चष्मेविक्रेते यांना शासनाने खुले आवाहन करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. दादर पश्चिमेला एका लहानशा दुकानात गेली २६ वर्षे मी नंबर काढण्याचे, काचा घासण्याचे आणि मोडलेल्या काड्या जोडून देण्याचे काम करते. पर्यावरण हा माझ्या अभ्यासाचा विषय नाही. परंतु आमच्या व्यवसायातून रोज निघणारा कचरा मी स्वतःच्या हातांनी भरते आणि तो कमी करण्याच्या कल्पना याच शहरात विखुरलेल्या आहेत असे मला दिसते. त्या एकत्र आणण्याचे काम एकट्यादुकट्या दुकानदाराच्या आवाक्यातले नाही, म्हणून हे पत्र.

प्रथम कचऱ्याविषयी. ज्याला आम्ही साधी फायबरची काच म्हणतो ती सीआर-३९ या प्लॅस्टिकची असते आणि आमच्याकडे बहुधा ७० मिलिमीटर व्यासाची गोल चकती म्हणून येते. तिचे क्षेत्रफळ सुमारे ३,८५० चौरस मिलिमीटर भरते. फ्रेममधील जागा ५० मिलिमीटर रुंद व ३५ मिलिमीटर उंच, अगदी पूर्ण आयताकृती धरली तरी तिला १,७५० चौरस मिलिमीटरच पुरतात. म्हणजे ग्राहकाने पैसे मोजलेल्या काचेचा निम्म्याहून अधिक भाग घासाईच्या यंत्रात भुकटी होऊन पाण्यात मिसळतो. ज्यांच्या यंत्राला गाळणी नाही, त्यांच्याकडे तो थेट मोरीत जातो. हे प्लॅस्टिक एकदा घट्ट झाले की उष्णतेने पुन्हा वितळत नाही, त्यामुळे धारावीतील ज्या गाळ्यांत बादल्यांपासून खुर्च्यांपर्यंत सर्व काही दळले व वितळवले जाते, तेथेही त्याला गिऱ्हाईक नाही. याखेरीज प्रत्येक नव्या फ्रेममध्ये बसवून आलेल्या डमी, म्हणजे बिननंबरी दिखाऊ काचा असतात, ज्यांचे आयुष्य कारखान्यापासून आमच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंतच असते. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर जी विस्तारित जबाबदारी, म्हणजे विकलेल्या मालाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी, टाकली गेली, ती वेष्टनांपुरती आहे. चष्म्याची पिशवी तिच्यात येते, चष्मा येत नाही. त्यामुळे जुनी फ्रेम परत घेण्यास कोणीही बांधील नाही.

पर्यावरणपूरक चष्मा म्हटले की लोकांसमोर बांबूची फ्रेम येते. काही वर्षांपूर्वी मीही अशा फ्रेम हौसेने ठेवल्या होत्या. दिसायला त्या सुरेखच होत्या, पण जुलैमध्ये त्यांतल्या बऱ्याच परत आल्या. कुणाची काडी वाकली होती, तर कुणाच्या बिजागरीचा स्क्रू लाकडात धरेनासा झाला होता. मूळ अडचण मात्र वेगळीच होती. शीटची, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पत्र्यातून कापलेली फ्रेम हीटरवर धरून माणसाच्या कानामागे व नाकावर बेतता येते, बांबूची तशी बेतता येत नाही. दोन्ही कान एका उंचीवर असलेली माणसे किती थोडी असतात, हे चष्मेवाल्याला विचारावे! ज्याने ती फ्रेम आरेखली त्याने हे कुणा चष्मेवाल्याला विचारले नव्हते आणि मीही विकत घेताना पुरेशी चौकशी केली नव्हती. कोकणातला माणगा बांबू भरीव असतो, कुडाळ परिसरात त्यावर काम करणारे कारागीर आहेत आणि सावंतवाडीला लाकडावर लाखकाम करण्याची जुनी परंपरा आहे. काडीचे टोक तेवढे तापवून वळवता येईल अशा साहित्याचे आणि उरलेली काडी माणग्याची, अशी जोडणी का होऊ नये, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे. तो विचारायचा कोणाला, हे मला आजही ठाऊक नाही.

कापसाबाबत मात्र मला अधिक आशा वाटते. शीटची फ्रेम ज्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटची बनते ते मुळात वनस्पतिजन्य असते : लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीवर चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून, ते तयार करतात. त्याला मऊपणा यावा म्हणून मिसळली जाणारी थॅलेटसारखी रसायने हा त्यातील खटकणारा भाग आहे आणि त्यांच्या जागी वनस्पतिजन्य पर्याय वापरून तयार केलेले अ‍ॅसिटेट युरोपात विकले जाऊ लागले आहे. सरकी विदर्भात आहे. कापसावरील तंत्रज्ञानाचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९२४ पासून माटुंग्यात आहे. रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला आमची पिढी अजूनही यूडीसीटी म्हणते, तीही १९३३ पासूनची आणि माटुंग्यातलीच. पवईला आयआयटीमध्ये १९६९ पासून आरेखन शिकवले जाते. एवढे सगळे माझ्या दुकानापासून टॅक्सीच्या अंतरावर असताना काळबादेवीच्या विठ्ठलवाडीतील घाऊक बाजारात मी फ्रेम निवडायला जाते तेव्हा बाहेरून आलेला मालच अधिक हाती लागतो, याचे मला वाईट वाटते.

तिसरी शक्यता समुद्राकडची आहे. चिलीच्या किनाऱ्यावरील टाकाऊ मासेमारी जाळ्यांपासून गॉगलच्या फ्रेम बनवल्या गेल्या आहेत. आपल्याकडे ससून डॉक आणि वर्सोव्याला जुनी जाळी कमी नाहीत. परंतु सगळी जाळी सारखी नसतात. नायलॉनची जाळी वितळवून साच्यात ओतता येते व फ्रेमला हवा तो ताठपणा देते, तर पॉलिथिलीनची जाळी त्या मानाने मऊ पडतात. कोणते जाळे कोणत्या ढिगात टाकायचे हे कोळीबांधव हाताच्या स्पर्शाने सांगतील. अशा माणसाला सल्लागार मानून मानधन देण्याची तरतूद आपल्या एखाद्या योजनेत आहे का, याचा कृपया शोध घ्यावा.

महोदय, आपल्या विभागाच्या महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीमार्फत होणाऱ्या स्टार्टअप सप्ताहात निवडक नवउद्योगांना शासकीय विभागांसोबत प्रत्यक्ष काम करून पाहण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्यात आले आहेत. त्याच धर्तीवर केवळ चष्म्यासाठी एक आवाहन काढावे, अशी माझी विनंती आहे. मात्र अर्ज एकट्या कंपनीचा नसावा. आरेखक, साहित्य जाणणारा संशोधक, हाताने घडवणारा कारागीर आणि रोज ग्राहकाच्या नाकावर चष्मा बसवणारा दुकानदार, असे चौघे मिळून आले तरच तो स्वीकारावा. यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ, बोधचिन्ह किंवा उद्घाटन सोहळा यांची गरज नाही. त्या पैशांतून दहा दुकानांच्या घासाई यंत्रांना गाळण्या बसतील आणि साठलेल्या भुकटीचे काय करता येते, यावर संशोधकांना काम सुरू करता येईल.

एका गोष्टीबाबत मी आग्रही आहे. काही वर्षांपूर्वी हरित वस्तूंच्या एका स्पर्धेत मी एका फ्रेमच्या जुन्या काड्या दुसऱ्या फ्रेमला बसतील अशा समान मापाच्या बिजागरीची कल्पना चित्रासह दिली होती. बक्षीस मिळाले नाही, त्याचे काही नाही. परंतु पुढच्याच वर्षी आयोजकांच्या माहितीपत्रकात तीच कल्पना, माझ्याच चित्रातील चुकीच्या मापासह, विनानाव छापलेली मी पाहिली. त्यामुळे कल्पना कोणाची, तिच्यावरील हक्क कोणाचा आणि उद्योग उभा राहिल्यास कारागिराचा वाटा किती, हे अर्ज मागवण्यापूर्वी साध्या मराठीत लिहून जाहीर व्हावे. नाहीतर अनुभवी माणसे गप्प बसतील आणि सुबक सादरीकरणे तेवढी आपल्यापर्यंत पोहोचतील.

निवड करताना नमुना कशाचा बनला आहे याआधी तो दुरुस्त होतो का, हे पाहावे. दृष्टिदोषाच्या चष्म्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. पण चष्मा स्वस्त होतो तशी दुरुस्तीची चिकाटीही कमी होते, आणि ज्या फ्रेमची काडी वेगळी मिळत नाही ती फ्रेम कितीही नैसर्गिक असली तरी एका स्क्रूपायी फेकली जाते. परीक्षक मंडळात किमान दोन दुरुस्ती करणारे कारागीर असावेत आणि प्रत्येक नमुना त्यांच्या हाती देऊन, मोडून, पुन्हा जोडून घ्यावा. त्यानंतर तो जून ते सप्टेंबर असे चार महिने लोकलने प्रवास करणाऱ्या माणसांना वापरायला द्यावा. घाम, पाऊस आणि गर्दीतला कोपर यांहून कठोर प्रयोगशाळा मुंबईत दुसरी नाही.

आमचे दुकान सोमवारी बंद असते. त्या दिवशी घासाईचे यंत्र, हीटर आणि २६ वर्षांत साठलेल्या, जोडीदार हरवलेल्या काड्यांचे तीन डबे मी या कामासाठी विनामोबदला उपलब्ध करून देईन. आपल्या विभागातील अधिकाऱ्याने येण्याचे ठरवल्यास सकाळी अकरापर्यंत यावे. दुपारनंतर गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपली विश्वासू,
दादर येथील एक चष्मा-व्यावसायिक