गणिताच्या कट्ट्याचाच हिशोब चुकलाय, मदत हवीय : १७ जानेवारीच्या स्पर्धेसाठी आवाहन

नमस्कार मंडळी,

हे आवाहन दिवाळीच्या आधीच टाकायचं होतं, दोनदा टाईप केलं आणि दोनदा डिलीट केलं, कारण गेल्या वर्षीचं आठवलं. गेल्या वर्षी याच ग्रुपवर कट्ट्याच्या पहिली ते चौथीच्या गणित स्पर्धेसाठी मदत मागितली तेव्हा अंगठे आले ४६ आणि प्रत्यक्षात पैसे देणारे निघाले ५. वजाबाकी तुम्हीच करा, हातचा घ्यायची पण गरज पडत नाही. रागावून लिहीत नाहीये, पण थोडं लागलं होतं एवढं खरं. यंदा मात्र गप्प बसून चालणार नाही कारण तारीख अंगावर आलीय आणि आपल्या देवळालीतल्या रविवारच्या कट्ट्याचा हिशोब चुकलाय. पोरांना गणित शिकवणाऱ्यांचा हिशोब चुकलाय, हसा हवं तर.

कसा चुकला ते सांगतो. आपले प्रेसवाले काका श्रावणात गेले हे सगळ्यांना माहीतच आहे. नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून रिटायर झाल्यापासून रविवारी सकाळी साडेनऊला कट्ट्यावर सगळ्यात आधी तेच हजर असायचे, हातात चिंचोक्यांची पिशवी, खिशात लिमलेटच्या गोळ्या. दसऱ्यानंतर मी झेरॉक्सवाल्या ताईंकडे पेपर छापायचा रेट विचारायला गेलो तर त्या म्हणाल्या, "अहो तुमचं अर्धं बिल काका भरायचे ना, तुम्हाला रुपयाला पान सांगायचं आणि वरचं त्यांच्या खात्यावर लिहायचं असं ठरलं होतं आमचं." मी तिथेच स्टुलावर बसलो. मग गाडीवाल्या दादांना विचारलं तर तिथेही तेच, खिचडीच्या तांदळाचंही तेच. आमच्या वहीत गेल्या वर्षीचा खर्च ११,३०० लिहिलाय आणि खरा खर्च २१ हजारांच्या आसपास. म्हणजे दरवर्षी मी मोठ्या तोऱ्यात जमाखर्च वाचून दाखवायचो, टाळ्या व्हायच्या आणि काका मागच्या बाकावर बसून मिश्यांत हसत असणार. आयुष्यभर सरकारच्या नोटा मोजल्या त्या माणसाने आणि स्वतःच्या देताना मात्र कोणाला मोजू दिल्या नाहीत.

नवीन मेंबर बरेच झालेत म्हणून थोडं जुनं सांगतो, जुन्यांनी स्क्रोल केलं तरी चालेल (तुम्ही करताच). कट्टा सुरू झाला तेव्हा जी पोरं पहिलीत होती ती आता इंजिनिअरिंगला आहेत, त्यातला एक तर सुट्टीत येऊन आपलेच पेपर तपासतो. सुरुवात ९ पोरांनी, जोशीकाकूंच्या नव्हे तर त्यांच्या शेजारच्या गॅलरीत, हे दरवेळी चुकीचं सांगितलं जातं म्हणून मुद्दाम लिहितोय. मग लॅम रोडच्या सॅनिटोरियमच्या ट्रस्टींनी आपला व्हरांडा दिला, एक रुपया भाडं नाही, वर पोरांसाठी माठ भरून ठेवायचे. आर्टिलरीतून रिटायर झालेल्या मेजरसाहेबांच्या मिसेसनी ४० खुर्च्या दिल्या, त्यातल्या ३६ अजून शाबूत आहेत. झेडपीच्या शाळेतल्या बाई सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या स्कूटीवर दोन-दोन पोरं बसवून आणायच्या.

आणि आपले सुतारमामा. उरलेल्या प्लायच्या तुकड्यांवर पाच रांगांत पाच-पाच असे २५ खिळे ठोकून त्यांनी २४ पाट्या करून दिल्या, पोरांना लागू नये म्हणून प्रत्येक खिळ्याचं डोकं घासून दिलं. त्या पाटीवर रबरबँड लावून चौरस किती होतात हा आपला पेटंट प्रश्न. मोठी माणसं मोजतात, लहान १६, त्याहून मोठे ९, मग ४, मग १, झाले ३०, आणि कॉलर ताठ. तिसरीतल्या एका मुलीने (नाव लिहीत नाही, आजी म्हणते दृष्ट लागते) रबर तिरका ताणला आणि म्हणाली, हा पण चौरसच आहे की, फक्त वाकडा बसलाय. व्हरांड्यात एकदम शांतता. वाकडे बसलेले धरले की चौरस होतात ५०. मामांनी त्या रात्री दुकानात बसून मोजले, ४४ वर अडकले आणि अकरा वाजता मला फोन. असे दाते असतात आपले.

आता काही जण दरवेळी विचारतात की पहिली ते चौथीच्या पोरांना कसली गणिताची स्पर्धा, खेळू द्या की त्यांना. अहो खेळूच देतो! पण जरा बघा, पाचवी-सहावीला पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची परीक्षा आहे, सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक आहे, स्कॉलरशिप आहे, पुढे आठवीपासून ऑलिंपियाडचा रस्ता आहे. तिथपर्यंत पोचायच्या आतच अर्ध्या पोरांनी "मला गणित येत नाही" असं स्वतःशी ठरवून टाकलेलं असतं, आणि हे ठरतं दुसरी-तिसरीतच, कोणाच्या तरी एका ओरड्याने. त्या वयासाठी बाजारात काय आहे तर फी भरून द्यायच्या परीक्षा, ज्यात भाग घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सोनेरी मेडल मिळतं, नाहीतर घड्याळ लावून बोटं नाचवायचे क्लास. त्यांना नावं ठेवत नाही, आमच्याच कमिटीतल्या दोघांची नातवंडं जातात. पण मिनिटात किती बेरजा केल्या ह्यावरून पोराचं डोकं कळतं हे मला तरी पटलेलं नाही.

आपल्याकडे पहिली-दुसरीला पेपरच नसतो. चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, नाणी आणि समोर एक मोठा माणूस, ज्याने उत्तर सांगायचं नाही, फक्त "कसं काढलंस?" विचारायचं. गेल्या वेळचा प्रश्न होता, १०, ५ आणि २ ची हवी तितकी नाणी आहेत, २० रुपये किती प्रकारे देशील. शाळेत वजाबाकीत नापास शेरा मिळालेला एक पोरगा, वडिलांची भेळेची गाडी आहे, त्याने सहाच्या सहा प्रकार धडाधड टेबलावर मांडले आणि वर आम्हालाच विचारलं की एक रुपयाचं नाणं का नाही ठेवलं, सुट्ट्याची टंचाई आहे का. तिसरी-चौथीला १२ प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि वेळेची घाई नाही. आई, बाबा, आजी आणि मी, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर किती वेळा? अर्धी पोरं १२ म्हणतात, मग उठून खरंच हात मिळवून बघतात आणि ६ वर येतात.

काड्यांच्या गठ्ठ्यांवरून आठवलं. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" (म्हणजे एकवीस, बावीस) आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पुस्तकाच्या समितीवरच्या मंगला नारळीकर बाईंना लोकांनी काय काय ऐकवलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यात लहान मूल अडखळतं. आमच्या कमिटीतही दोन तट पडले, एक काकू तीन रविवार आल्या नाहीत. पण कट्ट्यावर डोळ्यांनी बघतो ना, "पंचवीस" ऐकलं की पाच आधी कानावर पडतो आणि पोर सरळ ५२ लिहितं. दहाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या हातात दिल्या की पुन्हा चुकत नाही. आपण दोन्ही वापरतो, वीस पाच पण आणि पंचवीस पण, पाढे तर आजीच्याच चालीत.

आणि १७ जानेवारीच का, तर गणिती कापरेकर सरांचा वाढदिवस. १९०५ चा जन्म, डहाणूचा. सर १९३० ते १९६२ आपल्याच देवळालीत शाळामास्तर होते. साधे बीएस्सी, पुढची कुठली डिग्री नाही, आणि ६१७४ हा आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या हयातीत इथल्या विद्वानांनी फारसं मनावर घेतलं नाही, पेन्शन पुरेना म्हणून सर शिकवण्या करत होते, आणि रिटायर होऊन १३ वर्षं झाल्यावर १९७५ ला अमेरिकेत गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा बाहेर नाव झालं. (ग्रुपवरच्या डोंबिवलीकरांनी पण कॉलर ताठ करायला हरकत नाही, सरांच्या "डेमलो" आकड्यांचं नाव तुमच्याच स्टेशनच्या जुन्या नावावरून आहे. ते आकडे असे : ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१, पुढचं पोरांना विचारा.)

चार अंकी ६१७४ लहान पोरांना जड जातं म्हणून आपण तीन अंकी घेतो. कुठलेही तीन अंक, तिन्ही सारखे नकोत. समजा १, २, ३. मोठ्यात मोठी संख्या ३२१, तिच्यातून उलटी १२३ वजा, आले १९८. पुन्हा तसंच, ९८१ वजा १८९, ७९२. मग ६९३, मग ५९४, मग ४९५, आणि तिथून गाडी हलतच नाही (चार अंक घेतले की अशीच ६१७४ ला अडकते). कोणी वडिलांच्या गाडीच्या नंबरातले तीन अंक घेतो, कोणी रोल नंबर, सगळे शेवटी ४९५ लाच येऊन धडकतात. हातच्याच्या पंधरा वजाबाक्या पोरं तोंड वाकडं न करता करतात, घरी एक तरी करून दाखवा. एकदा भगूरचा एक चौथीतला पोरगा मधेच ओरडला, "सर, मधला अंक कायम नऊच येतोय!" आम्ही इतकी वर्षं हे करत होतो, आमच्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. का येतो ते त्याला आम्ही नाही सांगितलं. दोन रविवारांनी त्याने ९९ चा पाढा लिहून आणला आणि माझ्यापुढे धरला, वजाबाक्यांची उत्तरं सगळी त्यातलीच.

त्याच पोराचा फोटो पुढे एका क्लासने आपल्या फ्लेक्सवर छापला, "आमचा विद्यार्थी" म्हणून. तो तिथे पंधरा दिवस गेला होता. असो. आई-वडिलांनी फोन करून सॉरी म्हटलं, त्यांची काही चूक नव्हती.

आता कामाचं, आणि जागा थोडी उरलीय म्हणून एका दमात लिहितो, नीट वाचा. १७ जानेवारी, यंदा चक्क रविवारीच आलाय, सकाळी ९ ते १२.३०, पहिली-दुसरी आधी, तिसरी-चौथी १०.३० ला. सॅनिटोरियमचं रिपेरिंग चालू आहे म्हणून यंदा हॉल भाड्याने घ्यावा लागतोय (कुठला ते नाव नोंदवलेल्यांना कळवतो). फी नाही, ठेवणारही नाही. छपाई ४,५००, खिचडी-दूध ६,५००, हॉल ५,०००, दारणेकाठच्या गावांतली पोरं आणायला-सोडायला गाडी ४,०००, पाट्या, साहित्य आणि बक्षिसं ६,०००, एकूण २६,०००. हातात ७,४०० आहेत, कमी पडतात १८,६००. गेल्या वर्षी पोरं होती १८६, यंदा तितकीच धरलीत, म्हणजे एका पोरामागे बरोबर १०० रुपये, मुद्दाम जुळवलेलं नाही, आपोआप आलं. एका पोराचे द्या, पाचांचे द्या. क्यूआर कोड वाचनालयाच्या काउंटरवर चिकटवलाय, खजिनदारांचा नंबर ग्रुपवर आहेच, रोख दिली तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. देणगीवरची आयकर सवलत आपल्याकडे नाही, आधीच सांगतो. आणि कृपा करून गुपचूप कोणाचं बिल परस्पर भरू नका, वहीत लिहू द्या, माझी पुन्हा फजिती नको. ५ जानेवारीपर्यंत पैसे आले तर छपाई वेळेत होईल, नंतर आले तर पाट्यांना वापरू.

पैसे नसतील तर माणूस द्या. आठ पोरांमागे एक मोठा माणूस लागतो, म्हणजे २४ जण. गेल्या वर्षी ३१ जणांनी "येतो" लिहिलं आणि आले १५, त्यातले दोघे खिचडीच्या वेळेला. गणित यायलाच पाहिजे असं काही नाही, उलट ज्यांना येत नाही ते उत्तर सांगून टाकत नाहीत, ते आम्हाला जास्त उपयोगी पडतात. १० जानेवारीच्या रविवारी एक तासाची तयारी आहे, तेवढी चुकवू नका. ज्यांना जमणार नाही त्यांनी "बघतो" लिहू नका, नाही लिहा, चालतं. शाळांना पत्रं दिलीत, काहींचं उत्तर यायचंय, ज्यांची ओळख आहे त्यांनी जरा आठवण करा. पालकांनी हॉलच्या बाहेर थांबायचं, आणि बाहेर आल्या आल्या "किती बरोबर आले?" हा प्रश्न विचारायचा नाही, हे दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणीतरी पोराला रडवतंच.

आपला,
सेक्रेटरी

ता.क. : खिळ्यांच्या २४ पाट्यांपैकी कपाटात १७ सापडल्या. सात कोणाच्या घरी आहेत ते मला साधारण माहीत आहे. नावं घेत नाही, रविवारी व्हरांड्याच्या पायरीवर ठेवून जा, कोणी बघणार नाही. मामा नवीन करून द्यायला तयार आहेत पण त्यांचे गुडघे दुखतात आजकाल.