हॉटेल वगळा, खर्च आटोक्यात

आपल्या रविवार पुरवणीतील ऐतिहासिक शहरांच्या सहलीवरील लेख वाचला. त्यात दोन दिवसांच्या विजापूर भेटीसाठी माणशी पाच हजारांचा हिशेब मांडला आहे. तो वाचून विद्यार्थ्यांनी बेतच रद्द करायचा! या रकमेतला मोठा वाटा हॉटेल आणि खासगी गाडीचा. सोलापूरकरांना या दोन्हींची गरज नाही. विजापूर इथून जेमतेम शंभर किलोमीटर. सकाळच्या गाडीने जाऊन रात्री घरी परतता येते.

गोल घुमटाचे तिकीट गेल्या खेपेला पंचवीस रुपये होते, पंधरा वर्षांखालील मुलांना तर प्रवेश मोफत. १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूच्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत मधे एकही खांब नाही. मनोऱ्यातला अरुंद जिना चढून सज्जात गेलो, तेव्हा समोरच्या टोकाला भिंतीशी कुजबुजलेल्या मित्राचे शब्द माझ्या कानाशी आले. मात्र तिथे सकाळीच पोहोचावे, नंतर गर्दीच्या आरोळ्यांखेरीज काही ऐकू येत नाही. तिथून इब्राहिम रोजा या आदिलशाही मकबऱ्याला आम्ही चौघे एका रिक्षात गेलो. जेवण म्हणाल, तर डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होतीच.

तेवढेही जमत नसेल, तर एसटीने नळदुर्गचा किल्ला गाठावा. महिलांना एसटीत निम्मेच भाडे पडते. पुढच्या लेखात असा एक दिवसाचा हिशेबही द्यावा, ही विनंती.

– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर