चार मिलिमीटरची वाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या रायगड जिल्ह्यात दरडप्रवण गावांची यादी निघते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा ती अशा यादीत नव्हतीच, हे खुद्द सरकारने विधिमंडळात सांगितले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत.

माझी सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत झाली. त्यामुळे कुठलाही नकाशा हातात आला की मी आधी त्याचे प्रमाण बघतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातील दरडप्रवण भागाचे जे जीआयएस (संगणकावर थराथरांनी रचलेले) नकाशे केले, ते १:५०,००० प्रमाणावर. जमिनीवरचा अर्धा किलोमीटर तिथे एक सेंटिमीटर होतो. दोनशे मीटर पसरलेली वाडी चार मिलिमीटरची. करंगळीच्या नखाखाली सहज झाकेल. नकाशा वाईट आहे असे मुळीच नाही. उतार, खडक, मातीची जाडी, ओढे, झाडोरा हे थर एकावर एक ठेवून, पूर्वी दरडी आल्या त्या जागांशी ताडून तो केलेला असतो. कोणत्या डोंगररांगेकडे आधी बघायचे, ते त्यातून कळते. पण अतिवृष्टीच्या रात्री कोणत्या घरांनी शाळेत झोपायला जायचे, याचे उत्तर त्यात नाही. २२ जुलै २०२१ ला आमच्या महाड तालुक्यातल्या तळिये गावात दरडीखाली गाडली गेली ती कोंढाळकरवाडी. गावाच्या बाकीच्या वाड्या वाचल्या. ‘तळिये’ एवढे नाव यादीत घालून काय साधणार? शिवाय नकाशा झाल्यावर कोणी रस्त्यासाठी जेसीबी लावून डोंगराचा पायथा कापला, तर तो कागद त्या दिवसापासून जुना.

मोठ्या प्रमाणाचे, म्हणजे घरन्‌घर दिसेल असे नकाशे आपल्याला जमत नाहीत, असेही नाही. स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन उडवून १:५०० प्रमाणाचे नकाशे झाले, लोकांना मालमत्ता पत्रके मिळाली. घराची भिंत कुणाच्या हद्दीत, हे इंचाइंचाने मोजले. घरामागचा डोंगर मात्र गावठाणाबाहेर, म्हणून मोजणीबाहेर! (हद्दीचे वाद कोर्टात जातात, डोंगर जात नाही.) तोच ड्रोन निदान धोक्याच्या वाड्यांवर कड्यापर्यंत न्यावा आणि दर उन्हाळ्यात पुन्हा उडवावा. दोन वर्षांच्या उंचीच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या की कुठे माती खचली, कुठे नवा काप पडला, ते उघडे दिसेल.

आणि एक थर कुठल्याच उपग्रहाला मिळायचा नाही. कोणत्या खाचराला गेल्या श्रावणात भेग पडली, कोणत्या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, कुठली झाडे उताराकडे कलली, हे वाडीतल्या गुराख्याला पाठ असते. त्याच्यासोबत तलाठ्याने अर्धा दिवस डोंगर चढावा. या जागा नकाशावर टाकायला खिशातल्या मोबाइलचे जीपीएस पुरते.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार, महाड (जि. रायगड)