एफवायची घडी गणपतीआधीच बसते

संपादक महोदय,

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी टक्केवारी, गुणवत्ता यादी आणि कट-ऑफ यांची चर्चा होते. प्रवेश मिळालेला मुलगा पुढे महाविद्यालयात रुळतो कसा, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मी गेल्या वर्षी राजापूर तालुक्यात आडिवऱ्यापलीकडे असलेल्या आमच्या गावातून रत्नागिरीला वाणिज्य शाखेत दाखल झालो आणि आता द्वितीय वर्षाला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, आमच्यासारख्यांचे पहिले वर्ष, म्हणजे एफवाय, कसे जाणार हे गणपतीच्या सुट्टीपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांतच ठरते आणि नेमक्या त्याच काळात आमची विचारपूस कोणी करत नाही.

पहिला महिना मी घरूनच ये-जा केली. गावात मुक्कामाला असलेली वस्तीची गाडी पहाटे पावणेसहाला सुटे आणि पूर्णगड, पावस करत रत्नागिरीला पोहोचेपर्यंत साडेसातचा पहिला तास सुरू झालेला असे. एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६६ टक्के सवलत मिळते आणि तिचा मोठा आधार आहे, हे कृतज्ञतेने नमूद करतो; परंतु पासामुळे भाडे कमी होते, गाडी लवकर येत नाही. आषाढातल्या पावसात भिजून वर्गाच्या दारात उभे राहायचे आणि हजेरी आधीच होऊन गेलेली असायची, असे आठवड्यातून तीनदा तरी घडत असे. ७५ टक्के उपस्थितीचा नियम मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, उशिरा येणारा प्रत्येक जण उनाड नसतो, हे जाणून घेण्यासाठी कोणीतरी एकदा 'तू कुठून येतोस?' असे विचारायला हवे होते. पुढे मारुती मंदिर परिसरात चौघांत एक खोली घेतली, डबा लावला आणि हा प्रश्न सुटला. घरच्या पेजेवाचून सकाळ कशी सुरू करायची हा प्रश्न मात्र बरेच दिवस तसाच राहिला.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती वरवर दिसते तशी नाही. बारावीपर्यंत मी पुस्तपालन मराठीतून शिकलो होतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा, ताळेबंद हे शब्द तोंडात बसलेले होते आणि उदाहरणेही सुटत होती. प्रथम वर्षाला तीच उदाहरणे 'जर्नल', 'लेजर', 'ट्रायल बॅलन्स' अशी समोर आली, तेव्हा येत असलेला विषयही येईनासा झाला. मला वाटले, आपली कुवतच तेवढी नाही. ऑगस्टमध्ये एका सरांनी तास संपल्यावर दहा मिनिटे थांबून फळ्यावर एका बाजूला मराठी व दुसऱ्या बाजूला इंग्रजी असे तीसएक शब्द लिहून दिले आणि अर्धी भीती तिथेच गेली. हे काम पहिल्याच आठवड्यात होण्यासारखे होते. त्याला खडू आणि दहा मिनिटे याखेरीज काहीही लागत नव्हते.

त्यात नव्या शैक्षणिक धोरणाची रचना. 'क्रेडिट' म्हणजे जमेची बाजू, एवढेच आम्हा वाणिज्यवाल्यांना ठाऊक. इथे क्रेडिट म्हणजे श्रेयांक, आणि वर्षाला ते ४० ते ४४ मिळवायचे. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), कौशल्य अभ्यासक्रम यांची निवड प्रवेशाच्या गडबडीतच करायची होती. मी माझे ओपन इलेक्टिव्ह रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलाने जे लिहिले तेच लिहिले, हे आज सांगताना संकोच वाटतो. वेगवेगळ्या शाखांचे विषय शिकता यावेत हा धोरणाचा हेतू चांगलाच आहे, पण निवडीचा अर्थ कळण्याआधीच निवड संपत असेल, तर त्या स्वातंत्र्याचा विद्यार्थ्याला उपयोग काय?

या सगळ्याची माहिती देण्यासाठी आमच्या महाविद्यालयात एक उद्बोधन कार्यक्रम झाला होता. सभागृहात अडीच तास भाषणे झाली, पडद्यावर इंग्रजी तक्ते दाखवले गेले आणि शेवटी चहा झाला. ज्यांचे प्रवेश तिसऱ्या यादीत झाले, ते तर त्या दिवशी विद्यार्थीच नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढून नवागतांचे छोटे गट करावेत, त्यांना मार्गदर्शक शिक्षक द्यावेत, असे सुचवले आहे. तेव्हा नवे काही शोधून काढण्याची गरज नाही.

माझी सूचना अशी की, हे उद्बोधन एका दिवसात उरकू नये. जुलैपासून गणपतीच्या सुट्टीपर्यंत आठवड्यातून एक तास, तोही दुपारच्या गाड्या सुटण्यापूर्वी, वीस-पंचवीस जणांच्या गटात आणि मराठीतून घ्यावा. त्यात एक शिक्षक व द्वितीय वर्षाचे दोन विद्यार्थी असावेत, कारण जर्नलची वही कधी द्यायची, इंटर्नल म्हणजे अंतर्गत परीक्षा बुडाली तर काय, एटीकेटी (काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याची मुभा) म्हणजे नेमके काय, हे प्रश्न सरांना विचारायला मुले लाजतात. ऐच्छिक विषय बदलण्याची मुदतही शक्य तेथे या तासांनंतर ठेवावी. गणपतीला कोकणातला प्रत्येक मुलगा घरी जातो. आरत्या, भजने आणि मुंबईहून आलेल्या भावंडांच्या गराड्यात आठ दिवस राहिल्यावर खोलीवर परत येणे किती जड जाते, हे मी अनुभवले आहे. आमच्या चौघांपैकी एक जण त्या सुट्टीनंतर परत आलाच नाही. तो आमच्यात सर्वांत हुशार होता, आणि त्याने विसर्जनानंतर दोन दिवसांनी फोनवर दिलेले कारण एवढेच होते की, 'तिथे मला कोणी ओळखत नाही.'

यंदा आमच्या वाडीतून दोन मुली प्रथम वर्षाला जात आहेत. त्या शब्दांच्या यादीची वही मी त्यांना दिली आहे. त्यांचा पहिला तासही साडेसातचाच आहे आणि वस्तीची गाडी अजूनही पावणेसहालाच सुटते.

आपला नम्र,
द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी