दाखल्यावरचे दोन शब्द

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या परीक्षेला खासगीरीत्या बसू इच्छिणाऱ्यांसाठी १७ नंबरचा अर्ज भरण्याची मुदत सुरू झाल्याची छोटी बातमी आपल्या अंकात आतल्या पानावर वाचली. ही बातमी दरवर्षी येते, आणि किमान २० वर्षे तरी मी ती वाचून पान उलटत आले. गेल्या वर्षी मात्र ती कापून शिलाई मशीनच्या खणात ठेवली, अर्ज भरला आणि वयाच्या ४७ व्या वर्षी परीक्षेला बसले. बातमीत मुदत आणि शुल्क असते. तो अर्ज हातात घेण्याआधी एखाद्या बाईला काय ओलांडावे लागते, ते त्यात येत नाही, म्हणून हे पत्र.

मुलींच्या लग्नाचे किमान वय १५ वरून १८ करणारी कायद्यातील दुरुस्ती १९७८ साली झाली. माझा जन्म त्याच वर्षीचा. तरीही १९९३ मध्ये नववीची परीक्षा संपल्यावर सुट्टीतच माझे लग्न झाले. सासरी कोणी विचारले नाही, पण पुढे शहरात राहायला आल्यावर शेजारणी विचारू लागल्या, तेव्हा मी ‘दहावी’ असे सांगून टाकले. एकदा सांगितलेले खोटे सांभाळावे लागते. बचत गटाने तीन वेळा सचिवपद देऊ केले, तेव्हा प्रमाणपत्र मागतील या भीतीने तिन्ही वेळा शिवणकामाची सबब सांगितली. माझी मुलगी दहावीला असताना तिने सहज विचारले, ‘‘आई, तुला किती टक्के होते गं?’’ मी ‘‘५८’’ म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हल्ली ज्याला ‘कम्फर्ट झोन’ म्हणतात, त्यात आराम असतो असे समजले जाते. माझा अनुभव तसा नाही. माझ्या कोपऱ्यात आराम कधीच नव्हता, फक्त तिथे मला कोणी काही विचारत नव्हते. म्हणूनच ‘भीती सोडा, झेप घ्या’ अशा उपदेशाचा मला कधी उपयोग झाला नाही. बीजगणिताची मला भीती वाटत नव्हती. अर्ज भरला की आपण दहावी नाही हे गल्लीला कळेल, याची वाटत होती. माणसाला रोखणारी गोष्ट बहुतेक वेळा समोरच्या कामात नसते, ती अशी मागे कुठेतरी बांधलेली असते, आणि गाठ नेमकी कुठे आहे हे ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

मी सुरुवात मुलीला खरे सांगण्यापासून केली. ती पुण्याला नोकरी करते. फोनवर सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘‘दाखला कुठल्या शाळेतून काढायचा?’’ तेवढ्या एका वाक्याने माझे अर्धे काम झाले. अर्जासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो नसल्यास दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालते. किमान पाचवी उत्तीर्ण आणि वयाची १४ वर्षे पूर्ण एवढी अट असते, हे अनेकींना ठाऊकच नसते. मी एस.टी.ने माहेरच्या गावी गेले. लिपिकाने जुने जनरल रजिस्टर काढले, बोटाने ओळ धरून माझे नाव शोधले आणि दाखला लिहून दिला. त्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात लिहिले होते : सतत गैरहजर. मी परतीच्या प्रवासात तो दाखला कितीदा वाचला असेल, याची गणती नाही. सुट्टीत माझी हळद झाली, मांडव पडला, सासरी पाठवणी झाली, आणि सुट्टी संपून शाळा उघडल्यावर हजेरीत माझ्या नावापुढे गैरहजेरी पडत राहिली. दोष त्या लिपिकाचा नाही, शाळेचाही नसेल. पण हे दोन शब्द खोटे आहेत, हे मला कुठेतरी सांगायचे होते, आणि अर्ज भरण्याचे धैर्य शेवटी मला त्या रागातूनच आले.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी केंद्राच्या फाटकावर मला अडवण्यात आले. ‘‘पालकांनी बाहेर थांबायचे,’’ असे सर्वांसमोर सांगितले गेले. मी पिशवीतून हॉल तिकीट काढून दाखवले, तेव्हा रांगेतल्या मुलांनी माना वळवून पाहिले. त्या क्षणी मी परत फिरले असते, तर मला कोणी नावे ठेवली नसती. वर्गात पर्यवेक्षकांनी मात्र ‘‘ताई, घाई करू नका, आधी बैठक क्रमांक नीट लिहा,’’ असे शांतपणे सांगितले आणि माझा हात स्थिर झाला. ३० वर्षे सुई आणि कात्री धरलेल्या बोटांना तीन तास पेन धरणे जड गेले, दुसऱ्या तासाला अंगठा आखडला. तरीही मराठीत १०० पैकी ८१ गुण मिळाले. वाचनालयातून आणून वर्षानुवर्षे वाचलेल्या पुस्तकांचे ते गुण आहेत, असे मी मानते. गणितात २२ मिळाले. जुलैच्या पुरवणी परीक्षेत २९. गणित अजून सुटलेले नाही. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये मी ते पुन्हा देणार आहे आणि मुलगी रोज रात्री साडेनऊला फोन करून माझ्याकडून उदाहरणे सोडवून घेते.

‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न मला नापास झाल्यावर अधिक ऐकावा लागला. तो विचारणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती मोठ्या माणसांसाठीच होती. रमाबाई रानडे यांना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसून शिकावे लागले, आणि पुढे त्यांनीच १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे करून प्रौढ स्त्रियांना शिकवले. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे २०१६ च्या महिला दिनी सुरू झालेल्या शाळेत साठी उलटलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन गेल्या. महाराष्ट्राला हे नवे नाही. आपण त्याचे कौतुक करतो, पण आपल्याच घरातल्या बाईने वही उघडली की तिला भाजी चिरायची राहिल्याची आठवण करून देतो.

शिक्षण मंडळाकडे आणि संपर्क केंद्र असलेल्या शाळांकडे माझे मागणे फार मोठे नाही. खासगी विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षा आणि विज्ञानाचे प्रात्यक्षिक यांची सूचना वेळेवर मिळावी. कृतिपत्रिका, म्हणजे हल्लीची कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, कशी सोडवायची हे आमच्या पिढीने कधी पाहिलेले नाही, तेव्हा परीक्षेआधी निदान एकदा, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर येता येईल अशा वेळी, ते समजावून सांगावे. आणि फाटकावरच्या माणसाला आधीच कल्पना द्यावी की परीक्षार्थींमध्ये पांढऱ्या केसांची माणसेही असतात. त्या फाटकावरून परत गेलेल्या बाईची नोंद कुठल्याच निकालात होत नाही. तिथेही ‘गैरहजर’ एवढेच लिहिले जाते.

बचत गटाच्या गेल्या बैठकीत मी सर्वांना खरे सांगितले, टक्क्यांसकट. बैठक संपल्यावर दोघी मागे रेंगाळल्या. या आठवड्यात त्या दोघींबरोबर त्यांच्या त्यांच्या शाळेत जाऊन आम्ही दाखले काढून आणले, एकीचा सातवीचा, दुसरीचा आठवीचा. एकीचे लग्न झाले होते, दुसरीला धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवले होते. दोघींच्याही दाखल्यावर कारणाच्या रकान्यात तेच दोन शब्द आहेत.

आपली,
एक नियमित वाचक, सोलापूर