जिवाणूनाशक लेप: उजेड किती, हे विचारा

मा. संपादक,

रुग्णालयांसाठी जिवाणूनाशक रंग आणि लेप आता बाजारात आले आहेत. त्यांपैकी प्रकाशामुळे कार्यरत होणाऱ्या पदार्थांमागील विज्ञान खरे आहे, मात्र ते किती उजेडात आणि किती वेळात काम करतात, हे खरेदीपूर्वी विचारले गेलेच पाहिजे.

काही रंगद्रव्ये शोषलेल्या प्रकाशाची ऊर्जा भोवतालच्या ऑक्सिजनला देतात आणि त्यातून निर्माण होणारी ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे जिवाणूचे पेशीपटल, प्रथिने आणि डीएनए यांवर एकाच वेळी आघात करतात. प्रतिजैविकाचा रोख बहुधा एकाच ठिकाणी असल्याने जिवाणू त्यातून वाट काढतात. येथे तशी वाट सापडणे फार अवघड आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. त्यामुळे या संशोधनाकडे आपण गांभीर्याने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

अडचण उजेडाची आहे. अशा लेपांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला मुख्यतः अतिनील किरण लागतात आणि वॉर्डातील दिव्यांत ते जवळपास नसतात. रंगद्रव्यांच्या पूर्वीच्या लेपांना शस्त्रक्रियागृहासारखा, सुमारे ३००० लक्सचा (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचे एकक) प्रखर प्रकाश लागत असे. म्हणूनच युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांचे २०२० सालचे काम मोलाचे आहे. क्रिस्टल व्हायोलेट, म्हणजे आपल्याकडे जखमेवर लावले जाणारे ते जांभळे औषध, आणि सोन्याच्या अवघ्या २५ अणूंचे पुंजके पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात, एकत्र बसवून त्यांनी सुमारे ३०० लक्समध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय हे जिवाणू मारून दाखवले. ई. कोलायला बाहेरून एक जादा आवरण असल्याने तो अशा माऱ्यापुढे अधिक चिवट ठरतो, हेही येथे लक्षात घ्यावे.

तथापि प्रयोगशाळेतील स्वच्छ तुकडा आणि सरकारी रुग्णालयातील खाटेचा कठडा यांत अंतर आहे. रात्री दिवे मालवले जातात, कठड्यावर धूळ आणि रक्ताचे डाग साचतात, रोज फिनाइलचे फडके फिरते आणि रंगद्रव्य स्वतःही प्रकाशाने हळूहळू फिके पडते. हात धुणे आणि पृष्ठभाग पुसणे यांना असा लेप पर्याय नाही. आरोग्य विभागाने अशा वस्तूंच्या निविदांमध्ये चाचणीचा प्रकाश लक्समध्ये, लागलेला वेळ, वारंवार पुसल्यानंतर उरलेली क्षमता आणि लेपातून रंगद्रव्य झिरपते का, याची माहिती बंधनकारक करावी. चाचणीसाठी आपल्याच अतिदक्षता विभागांत आढळणारे जिवाणू घ्यावेत, अशी माझी विनंती आहे.

– एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षिका, सातारा