ऑस्करचे अंदाज छापा, पण हिशोबासकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्कर जवळ आलं की तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'यंदा कोण मारणार बाजी' असा पानभर लेख येतो आणि मी तो दरवर्षी कापून ठेवतो, कारण आमच्या घरी २००२ पासून ऑस्करचा कागद भरायची पद्धत आहे. मी, माझी बहीण, दोन आतेभाऊ आणि आता त्यांची पोरं पण, प्रत्येकाने आदल्या रात्री सगळ्या कॅटेगरीत एकेक नाव लिहायचं, खाली सही करायची आणि सकाळी साडेपाचला टीव्हीसमोर बसायचं. एवढ्या वर्षांची कात्रणं आणि आमचे कागद शेजारी ठेवून बघितले म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. तुमच्या लेखात कुठला सिनेमा किती भारी आहे हे छान लिहिलेलं असतं पण मत कोण देतं आणि ते मोजतात कसं याच्यावर एक ओळ नसते, आणि अंदाज सगळा तिथेच ठरतो हो. 'जिंकायला हवा' वेगळं आणि 'जिंकेल' वेगळं, तुमच्याकडे या दोन्हीची कायम सरमिसळ होते.

आमची पण व्हायची. २००२ ला आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून लगान लिहिलं होतं. आशुतोष गोवारीकर आपला माणूस, सिनेमा पाचवेळा बघितलेला, दुसरं काही लिहायचा प्रश्नच नव्हता. तिकडचे जाणकार अमेली या फ्रेंच सिनेमाचं नाव घेत होते आणि मिळालं बोस्नियाच्या नो मॅन्स लँडला. आतेभाऊ त्या दिवशी जेवला नव्हता. नंतर कळलं की त्याच जानेवारीत नो मॅन्स लँडला गोल्डन ग्लोब, म्हणजे ऑस्करच्या आधी मिळणारा तिकडचा दुसरा मोठा पुरस्कार, मिळाला होता, आणि परदेशी भाषेच्या कॅटेगरीत तेव्हा ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या, पाचही सिनेमे थिएटरात जाऊन बघितलेल्या मेंबरलाच मत देता यायचं, म्हणजे मतदार अगदी थोडे. हे आधी कुणी मराठीत लिहिलं असतं तर आम्ही लगान तरीही लिहिलंच असतं, पण काय होऊ शकतं याची कल्पना तरी असती.

आता मोजणीचं सांगतो कारण मुख्य मुद्दा तोच आहे. दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री वगैरेंमध्ये ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, साधा हिशोब. पण बेस्ट पिक्चरला २०१० च्या सोहळ्यापासून पसंतीक्रम लावून मत देतात, पहिली पसंती, दुसरी, तिसरी असं. समजा आमच्या अपार्टमेंटची सहल ठरवायचीये, दहा घरं आहेत. चार जणांची पहिली पसंती तारकर्ली, तीन जणांची आंबोली, दोघांची महाबळेश्वर आणि एकाची गगनबावडा. साध्या मोजणीत तारकर्ली जिंकली. पसंतीच्या मोजणीत आधी गगनबावडा बाद, त्याची दुसरी पसंती आंबोली, झाले चार-चार. मग महाबळेश्वर बाद, त्या दोघांनी पण दुसऱ्या नंबरला आंबोलीच लिहिलंय, मग आंबोली सहा आणि तारकर्ली चार. निम्म्याच्या वर गेली, संपलं. म्हणजे काही जणांना जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा असा सिनेमा अडकतो, आणि बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला चालेल असा सिनेमा पुढे सरकतो.

२०२२ ला हेच झालं असणार. द पॉवर ऑफ द डॉग ला १२ नामांकनं होती, गोल्डन ग्लोब आणि ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार घेऊन आला होता, माझ्याकडच्या त्या वर्षीच्या प्रत्येक कात्रणात त्याचंच नाव आहे. कोडा ला फक्त ३ नामांकनं. आणि कोडा तिन्ही जिंकला, बेस्ट पिक्चर धरून. त्याच रात्री दिग्दर्शनाचं मात्र पॉवर ऑफ द डॉगच्या जेन कॅम्पियनला मिळालं. मतदार तेच, सिनेमे तेच, मोजायची पद्धत वेगळी आणि निकाल पण वेगळा, मला तर हे बघून अक्षरशः काटा आला होता अंगावर. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'धक्कादायक निकाल' म्हणून छापून आलं. पण माझ्या बहिणीने कोडाच लिहिलं होतं, कारण आठवडाभर आधी तिकडच्या निर्मात्यांच्या संघटनेचा, म्हणजे प्रोड्युसर्स गिल्डचा पुरस्कार कोडाला गेला होता आणि त्यांची मोजणी पण पसंतीक्रमाचीच असते.

हे गिल्डवाले म्हणजे अंदाजाचा कणा आहे साहेब. निर्मात्यांच्या गिल्डचा बेस्ट पिक्चरचा कौल २०१० ते २०२५ या सोळा सोहळ्यांत तीनदाच चुकला, २०१६, २०१७ आणि २०२० ला, आणि मधे एकदा त्यांच्याकडे दोन सिनेमांची टाय झाली होती त्यातलाच एक ऑस्करला जिंकला. दिग्दर्शकांचं डिरेक्टर्स गिल्ड तर त्याहून पक्कं, १९४९ पासून २०२५ पर्यंत त्यांचा विजेता आणि ऑस्करचा दिग्दर्शक वेगळा निघाला असं आठच वेळा झालंय, त्यात २०१३ ला गिल्डच्या विजेत्या बेन अॅफ्लेकला ऑस्करचं नामांकनच नव्हतं. नटांच्या संघटनेचा पुरस्कार, ज्याला २०२५ पर्यंत सॅग म्हणायचे, तो पण बघावा लागतो कारण अकादमीत सगळ्यात मोठी शाखा नटांची आहे. अर्थात सगळं बघून पण चुकतंच. २०२५ ला ग्लोब आणि सॅग बघून आम्ही सगळ्यांनी अभिनेत्रीसाठी डेमी मूर लिहिलं आणि मिळालं मायकी मॅडिसनला. बाफ्टा तिला मिळालेलं होतं आणि ब्रिटनचे बरेच मतदार दोन्हीकडे असतात ते आम्ही मनावर घेतलं नाही. पण कुठे चुकलं ते कळलं तर पुढच्या वर्षीचा कागद सुधारतो.

दुसरी गोष्ट याहून जास्त लागते मनाला. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की भारतातले बरेच सिनेमे 'ऑस्करच्या शर्यतीत', त्यात आपला मी वसंतराव पण. आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज सुरू, माझ्या मामांनी पेढे आणले. ती होती पात्र सिनेमांची यादी, तब्बल ३०१ सिनेमांची. अमेरिकेतल्या ठरलेल्या सहा शहर-परिसरांपैकी एकात सात दिवस थिएटरात चालवा, फॉर्म वेळेत भरा, बाकीचे नियम पाळा, की नाव येतं. त्यात निवड कुणी केलेली नसते. सिनेमा सुंदरच आहे, राहुल देशपांडेंचं काम मला फार आवडलं, पण म्हणूनच त्याच्या बाबतीत खोटी आशा लावायला नको होती. पात्र यादी, मग काही कॅटेगरीत शॉर्टलिस्ट, मग नामांकन, मग विजेता, या पायऱ्या आहेत आणि बातमी देताना कुठल्या पायरीवर आहोत ते लिहायला एक वाक्य पुरतं. २००४ ला श्वास भारतातर्फे गेला तेव्हा प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली, आमच्या कॉलेजात पण डबा फिरला होता आणि मी पॉकेटमनीतले पन्नास रुपये टाकले होते. नामांकनाच्या पाचात तो नव्हता. पैसे टाकल्याचं आजही काही वाटत नाही, पण तिथे लढाई कसली असते, हजारो मेंबरपर्यंत सिनेमा पोचवायला काय लागतं, हे तेव्हा कुणीच आम्हाला नीट सांगितलं नाही.

उलट नाटू नाटू च्या वेळी बघा. गोल्डन ग्लोब मिळालं, क्रिटिक्स चॉइस मिळालं, समोर लेडी गागा आणि रिहाना असून पण हिशोब आपल्या बाजूचा होता, आमच्या सातही कागदांवर तेच नाव होतं. १३ मार्चला सकाळी नाव पुकारल्यावर बिल्डिंगमधले लोक जागे झाले एवढा आम्ही आरडाओरडा केला.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे भानू अथैयांचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. ११ एप्रिल १९८३ ला गांधीसाठी जॉन मोलोंबरोबर त्यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. तेव्हा मी लहान होतो, पण आजचा हिशोब त्या वर्षाला लावून बघितला तर समोर ला ट्राव्हियाटा, सोफीज चॉइस, ट्रॉन आणि व्हिक्टर/व्हिक्टोरिया होते. नामांकन त्या त्या शाखेतले लोक देतात पण शेवटचं मत सगळ्यांचं असतं, आणि सगळ्यांना लांबून दिसतं ते मोठा काळ, मोठी गर्दी, शेकडो माणसांचे कपडे. आजच्या काळातल्या साध्या कपड्यांना हे ऑस्कर क्वचितच जातं. म्हणजे कोल्हापूरच्या बाईंचं नाव तेव्हा कागदावर लिहायला भरपूर कारण होतं, आणि ते कुणी लिहिलं असेल तर त्याचा मला फार हेवा वाटतो.

सगळ्या जगाला हे अंदाज बांधावे लागतात त्याला पण एक वर्तमानपत्रच कारण आहे. पूर्वी विजेत्यांची नावं पेपरांना आधी द्यायचे, १९४० ला लॉस एंजेलिस टाइम्सने ती सोहळ्याआधीच छापली आणि पुढच्या वर्षीपासून बंद पाकिटं आली.

तर माझी विनंती अशी की लेखात दोन कॉलम करा, एकात जिंकेल आणि एकात जिंकायला हवा, आणि जिंकेल च्या पुढे कारण लिहा. २०२६ च्या सोहळ्यापासून नियम आलाय की ज्या कॅटेगरीत शेवटचं मत द्यायचं त्यातले सगळे सिनेमे बघितलेच पाहिजेत, त्याने छोट्या सिनेमांना फायदा होतो का यावर एखादा लेख आला तर आम्ही दहावेळा वाचू. आणि निकालानंतर तुमचे किती बरोबर आले ते पण छापा, आजपर्यंत एकदाही छापलेलं नाही. पुढच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरातले सगळे कागद झेरॉक्स काढून तुमच्या कोल्हापूर ऑफिसात आणून देतो, तुमच्या अंदाजाशेजारी ठेवून दुसऱ्या दिवशी तुम्हीच तपासा.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर